आमच्या गावात येणारी बायकांच्या गटाची भाजीगाडी : आठ महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात आमचं गाव आहे, अडीचशे-तीनशे घरांचं, आणि गावात भाजीचं दुकान नाही. किराणा दोन आहेत पण तिथे आलू, कांदे, लसूण एवढंच, फार तर सुकलेल्या मिरच्या. मागच्या दिवाळीपासून शेजारच्या गावातल्या सात बायकांचा बचत गट तीनचाकी माल ॲटोत भाजी घेऊन येतो, मंगळवार गुरुवार शनिवार, संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. मी पहिल्या आठवड्यापासून घेते, म्हणून आता आठ महिन्यांनी नीट लिहून राहिली. गाडीला नाव वगैरे काही नाही, आम्ही सगळे भाजीगाडीच म्हणतो.

आधी आमच्या घरचं सांगते म्हणजे मी कोणत्या हिशोबानं चांगलं-वाईट म्हणते ते समजेल. नवरा सालानं कामाला आहे, मी रोजानं जाते, निंदण असो की कापूस वेचणं असो, रोज 200-250 पडतो पण रोज काम असतंच असं नाही, उन्हाळ्यात तर महिना महिना बसून राहावं लागते. दोन लेकरं, पोरगी साडेचार वर्षांची आणि बाळ सव्वा वर्षाचं, आणि सासू. रेशनचे गहू तांदूळ मिळतात, माणशी 5 किलो, जानेवारी 2023 पासून ते फुकट आहेत त्यामुळे पोटाला पोळी-भाताची कमी पडत नाही, हे मी खरं सांगते. कमी पडते ती पोळीसोबत खायच्या वस्तूची. आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस चून-पोळी म्हणजे पिठलं-पोळी, नाहीतर आलूचा पातळ रस्सा, नाहीतर नुसता ठेचा, आणि ठेचा काही सव्वा वर्षाच्या लेकराला देता येत नाही, त्याला मग वरणाचं पाणी आणि भात, सकाळी तेच संध्याकाळी तेच.

आता कोणी म्हणेल बाजार आहे न. आहे, रविवारी, पाच किलोमीटरवर. जायला 20 यायला 20 ॲटोचे, बाळ कडेवर, आणि तिथून एकाच दिवशी आठवड्याची भाजी आणायची. दीडशेची भाजी आणली की पालेभाजी सोमवारीच संपवावी लागते, भेदरं म्हणजे टमाटर बुधवारपर्यंत पिचतात, आमच्याकडे फ्रीज नाही आणि मे महिन्यात आमच्या इकडे 45 डिग्री असते, टिनाखाली काय टिकणार. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, माठाजवळ ठेवलं, सगळं करून पाह्यलं. गुरुवारपासून पुन्हा चून. आणि गावात एक दोन मोटरसायकलवाले यायचे भाजी घेऊन, पण ते सकाळी साडेदहा अकराला, तेव्हा गावात म्हातारी माणसं नि लहान लेकरं असतात, रोजानं जाणाऱ्या बाया सगळ्या वावरात. सासूजवळ पैसे ठेवून गेली तरी तो पाव किलोच्या खाली देत नसे. एकदा मी घरी होती तर म्हटलं दहा रुपयांची दे, तर म्हणे, "पाव किलोच्या खाली परवडत नाई न बाई, काट्यालेच दहा ग्रॅम इकडं तिकडं होते." त्याचंही बरोबर होतं, पेट्रोल जाळून येतो तो. पण पाव किलो वांगे, पाव किलो भेदरं, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या असं घेतलं की साठ-सत्तर गेले एका वेळचे, म्हणून मग आलू.

भाजीगाडीनं नेमकं हेच बदललं आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. ते काट्यावर विकतातच, ज्याला किलो पाहिजे त्याला किलो, पण त्यासोबत वाटा करतात. बाजारात म्हाताऱ्या बाया जशा ढिगल्या लावून बसतात न तसंच, पण मिसळ. 10 रुपयांचा लहान वाटा, 20 चा मोठा. मागच्या मंगळवारच्या 20 च्या वाट्यात काय होतं ते सांगते, तीन ढेमसे, दोन भेदरं, एक दोडका, चार मिरच्या, सांबाराच्या सात-आठ काड्या आणि कोहळ्याची म्हणजे लाल भोपळ्याची एक फोड. आमच्या चार-पाच माणसांची दोन वेळची भाजी झाली त्यात. भाजी निवडायला मिळत नाही वाट्यात, जे आलं ते, पण त्या दिवशी जे सगळ्यात जास्त आणि स्वस्त आलं असते तेच भरतात म्हणून परवडते त्यांना.

आणि एक लेकराचा वाटा आहे, 5 रुपयांचा. ज्या घरी सहा वर्षांच्या आतलं लेकरू आहे किंवा बाई पोटुशी आहे त्या घराला एका दिवशी एक. त्यात हिरवा पाला मूठभर, पालक नाहीतर मेथी नाहीतर चवळीची भाजी, कोहळ्याचा नाहीतर गाजराचा तुकडा आणि लिंबू एक. लिंबू कायले म्हणून मी विचारलं होतं पहिल्यांदा, तर गाडीवरच्या काकू म्हणाल्या पालेभाजीतलं लोह असं लागत नाही अंगाला, वरून लिंबू पिळलं की लागते, आणि कोहळं उकडून कुस्करून द्यायचं तर त्यात थोडं तेल घालायचं, नाहीतर डोळ्यांसाठी त्यात जे असते ते अंगात उतरत नाही. मला हे कोणी असं हातात वस्तू देऊन सांगितलं नव्हतं. हिरव्या भाज्या द्या, पिवळी फळं द्या, हे मी दोन्ही बाळंतपणांत ऐकलं, अंगणवाडीतही ऐकते. सप्टेंबरात पोषण माह असतो तेव्हा अंगणवाडीताई भाज्यांची रांगोळी काढून एकेक भाजी समजावून सांगतात, त्या मनापासून करतात आणि मला सगळं पाठ झालं होतं. पण आमच्या गावात पाठ करून काय करणार, गाजर घ्यायलाच पाच किलोमीटर जावं लागे.

5 रुपयांत परवडते कसं हे मी एकदा विचारलं. गटातल्या दोघी पहाटे यवतमाळच्या मार्केटातून माल आणतात, आणि गटातल्याच तिघींच्या घरी विहीर आहे त्या पालक, मेथी, सांबार लावतात, म्हणून पाला त्यांना स्वस्त पडते. गावातले मास्तर लोक, दुकानदार, ज्यांची बागायत आहे ते किलोनं घेतात, त्यांच्याकडून जे सुटते त्यातून लेकराचा वाटा भरून निघतो. तोट्यातच देतो म्हणाल्या तो एक वाटा, पण त्याच्यासाठी बाया गाडीजवळ येतात आणि मग बाकीचं घेतात. म्हणजे धंद्याचं डोकंही आहे त्यात, आणि मला ते बरंच वाटते, कारण नुसतं दान असतं तर चार महिन्यांत बंद झालं असतं.

खात्याची वही आहे. आमच्या इकडे मजुरीचा चुकारा शनिवारी होतो, म्हणून मंगळवार गुरुवारचं लिहून ठेवतात नि शनिवारी घेतात. प्रत्येक घराला एक पान. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पानावर नावासोबत खूण काढली आहे, कोणाची विहीर, कोणाचं कडुनिंबाचं झाड, आमच्या शेजारच्या आजीच्या पानावर बकरी आहे, ती स्वतः वही उघडून आपली बकरी शोधते आणि बोट ठेवून सांगते माह्यं इथं लिव्ह. पंधरा दिवसांच्या वर थकलं तरी लेकराचा वाटा बंद करत नाहीत, मोठा वाटा बंद करतात. मे महिन्यात माझं काम नव्हतं तेव्हा माझ्यावर ही वेळ आली होती, तीन आठवडे थकले होते माझे, आणि काकूंनी चार लोकांत एक शब्द काढला नाही, वही बंद केली आणि पाला हातात दिला. नंतर लाडक्या बहिणीचे 1500 आले त्यातून फेडले.

हिशोब सांगते कारण लोक विचारतात महाग पडते का. आधी दीडशे-एकशे साठ बाजाराचे आणि 40 ॲटोचे, दोनशे धरा, आणि भाजी खायला मिळायची चार दिवस. आता तीन दिवस मिळून 120-130 गाडीवर, आलू कांदे वेगळे 50-60, म्हणजे तेवढेच किंवा थोडे कमीच, पण सहा दिवस ताटात भाजी असते. फार पैसे वाचले असं नाही. तेवढ्याच पैशात दिवस वाढले.

लेकरांबद्दल लिहिताना मला जपून लिहायचं आहे. बाळाच्या दंडाला अंगणवाडीत ती रंगाची पट्टी लावतात, 11.5 सेंटीमीटरच्या आत आलं की लाल, साडेबारापर्यंत पिवळं, त्याच्या पुढं हिरवं. दिवाळीच्या वेळी माझं बाळ पिवळ्यात होतं, 12.1. ताईनं पट्टी ओढली आणि तो आकडा माझ्यासमोर वाचला तेव्हा मला काही सुचलं नाही, मी घरी येऊन त्याचा दंड माझ्या दोन बोटांत धरून बसली होती. मागच्या महिन्यात 12.9 भरलं. हे भाजीगाडीनंच झालं असं मी म्हणणार नाही, मधे त्याला हगवण लागली नाही, अंगणवाडीचं पाकीट तो खायला लागला, सासू एक दिवसाआड अंडं उकडून देते. पण या जुलैत गाडी चुकली ते दिवस सोडले तर आठ महिन्यांत असा आठवडा आठवत नाही की त्याच्या तोंडी कोहळं नाही नि पाला नाही. पालकाची डाळभाजी घोटून भातात कालवली तर वाटी चाटून खातो. पोरगी कोहळं खात नव्हती आधी, आता गाडीचा भोंगा वाजला की पिशवी घेऊन हीच पहिली पळते.

आशाताई एकदा गाडीजवळ उभ्या होत्या तेव्हा त्यांनी सांगितलं की 2019-21 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली जवळपास 69 लेकरं रक्त कमी असलेली निघाली, आणि शंभरातली 35 वयाच्या मानानं खुजी. मी आमच्या ओळीतल्या घरांवर नजर फिरवली मनातल्या मनात. दहा लेकरांत सात फिकी, हे खरंच आहे, तसंच दिसते.

इथे मला थोडं आडवळणाचं लिहायचं आहे. माझी सासू म्हणते आम्ही कधी भाजी विकत घेतली नाही, लग्न होऊन आली तेव्हा निंदायला गेलेली बाई घरी येताना ओटी भरून आणायची. पावसाळ्यात तरोटा, कुंजर, घोळ, चिवळ या रानभाज्या, बांधावर काटवल, आणि पऱ्हाटीत म्हणजे कापसात मधे मधे बरबटी, अंबाडी, भेंडीच्या तासा टाकलेल्या असायच्या, मालक त्याला ना म्हणत नसे, मजूर बाईनं तोडून नेलं तरी चालायचं. ते सगळं गेलं. बीटी कापूस 2002 ला आला, मग सोयाबीन वाढलं, आणि गेल्या काही वर्षांत तणनाशक मारतात, चोर बीटी, म्हणजे परवानगी नसलेलं, तणनाशकानं न जळणारं बियाणं, लावली की डोळे झाकून फवारतात, पऱ्हाटी तेवढी राहते नि खालचं सगळं पिवळं पडून जळते. त्यात आमचं निंदणाचं काम जाते हे एक, आणि ओटीतली भाजीही जाते. धुऱ्यावर तरोटा दिसला तरी हात लावायची भीती वाटते, कधी काय मारलं असेल. 2017 ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते दिवस इथे कोणी विसरलं नाही. म्हणून गरिबाच्या लेकराच्या ताटातून भाजी गेली ती त्याची आई आळशी आहे म्हणून गेली नाही, फुकटची होती ती शेतातून गेली आणि विकतची होती ती पाच किलोमीटरवर राहिली.

आणि म्हणूनच मला गाडीची एक गोष्ट फार आवडली. जूनच्या शेवटी पाऊस पडल्यावर त्यांनी पडीक आणि माळावरचा तरोटा, जिथे फवारणी होत नाही असा, गटातल्या बायांकडून तोडून आणून वाट्यात टाकला. कोवळा होता, अगदी दोन पानी. सासूनं तो चण्याची डाळ नि लसूण घालून केला आणि स्वतः पोरीला भरवला.

आता जे आवडलं नाही ते. फळं जवळजवळ नसतात. केळी असतात कधी कधी, डझनावरच देतात, हिवाळ्यात जाम म्हणजे पेरू आले होते चार आठवडे आणि तेव्हा 5 ला दोन मिळायचे ते लेकरांनी पार संपवले, पण त्यानंतर काही नाही. पपई कापून फोडी विकत होत्या मार्चमध्ये, उघड्यावर, माशा बसत होत्या. मी सांगितलं, माझ्यासोबत अजून दोघींनी सांगितलं, तर पुढच्या वेळी जाळी आणली, हे चांगलं केलं, पण पपईच नंतर बंद झाली. अंडी ठेवा म्हणून सगळ्याच बाया मागे लागल्या आहेत, रस्त्यात फुटतात म्हणतात. ट्रेमध्ये भुसा टाकून आणता येतील, किराणावाला आणतोच न.

वांगे फार देतात. मला माहीत आहे स्वस्त असतात, पण डिसेंबर जानेवारीत सलग तीन आठवडे लहान वाट्यात वांगे नि भेदरं, भेदरं नि वांगे, एवढ्याशा लेकराला बियाचं वांगं काय देणार.

पावसात गाडी येत नाही ही मोठी अडचण आहे. नाल्यावरचा रपटा पाण्याखाली गेला की ॲटो पलीकडेच, या जुलैत सलग पाच खेपा चुकल्या म्हणजे जवळपास दोन आठवडे. यात त्यांचा दोष नाही. पण हेच दिवस सगळ्यात वाईट असतात, बियाणं-खतात सगळ्यांचे पैसे गेलेले, मालकाकडेच नसतात तर मजुराला कुठून, आणि बाजारात भाजीचे भाव चढलेले, 2023 च्या जुलैत भेदरं शंभराच्या वर गेले होते ते आठवत असेल. आम्ही त्यांना म्हटलं उन्हाळ्यात गवार, वांग्याच्या चकत्या, मेथी वाळवून ठेवा, त्याचे वाटे करून जूनमध्येच देऊन ठेवा म्हणजे रपटा बुडाला तरी घरात राहील. वाळवायला बाया आमच्याच गावातल्या तयार आहेत, उन्हाळ्यात हाताला काम नसतेच. काकूंनी ऐकून घेतलं, हो म्हणाल्या नाहीत अजून.

आणि सगळ्यात जास्त खटकते ते पोडाचं. नाल्यापलीकडे कोलाम पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती आहे, वीस-बावीस घरं, गाडीचा तो शेवटचा थांबा, तिथे पोचेपर्यंत आठ वाजतात. मी मे महिन्यात एकदा ॲटोत बसून सोबत गेली होती, माझी मैत्रीण तिथे अंगणवाडीत मदतनीस आहे. अंधारात मोबाईलच्या उजेडात वाटे करत होत्या काकू. पालक पार मान टाकलेला, सांबाराच्या काड्या काळ्या पडलेल्या, कोहळं संपलेलं, राहिले होते ढेमसे नि मिरच्या, आणि भाव तोच, 10 चा 10, 20 चा 20. लेकराच्या वाट्यात लिंबू आणि मरगळलेला पाला एवढंच. एक आई बाळाला पाठीशी बांधून उभी होती, तिनं काही न बोलता घेतलं. ज्या घरांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना सगळ्यात शेवटचं आणि त्याच भावात, हे बरोबर नाही. मी परत येताना ॲटोतच काकूंना म्हटलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "खरं हाय वं तुयं, पण किलोवाले गिऱ्हाइक पयले तुमच्याच गावात हायेत, तिथं उशीर झाला तं ते मोटरसायकलवाल्याकून सकायीच घेऊन ठेवतात, मंग ह्यो पाच रुपयाचा वाटा कायच्यात भरू?" त्यांची अडचण मला समजते. तरी मी म्हटलं, निदान लेकराचे वाटे सकाळीच वेगळे बांधून ठेवा, ओल्या गोणपाटात, पोडाचे वीस नि आमचे चाळीस, आणि ते कोणाला विकू नका. याला पैसे लागत नाहीत.

स्टार द्यायचे तर मी 5 पैकी 4 देईन, आणि एक कापला तो पोडासाठी कापला, वांग्यासाठी नाही.

जवळपासच्या गावातलं कोणी वाचत असेल तर, पिशवी घरची न्या, पन्नी देत नाहीत. साडेसहाला देवळाजवळ, सातला शाळेजवळ. लेकराचा वाटा पहिल्यांदा घ्यायचा असेल तर अंगणवाडीचं कार्ड दाखवावं लागते, एकदाच, मग वहीत लिहून घेतात. फोनवरून पैसे चालतात पण पोडाकडे नेटवर्क नसते म्हणून सुट्टे ठेवा. शनिवारी गर्दी होते, खातं मिटवायला सगळेच येतात, लेकरू लहान असेल तर गुरुवारी जा.

काल रपट्यावरचं पाणी उतरलं आणि गाडी आली. कोहळं मोठं होतं, काकूंनी गोणपाटावर ठेवून विळ्यानं फोडी केल्या, बिया वेगळ्या काढून पोरीच्या ओंजळीत दिल्या, वाळवून परसात लाव म्हणाल्या. ॲटोच्या मागच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली काही बांधलेलं दिसलं म्हणून मी विचारलं, तर पोडाचे वाटे होते, बावीस. पुढच्या मंगळवारपासून एक दिवस पोडाकडूनच सुरू करून पाहणार आहेत म्हणे. झालं तर इथेच लिहीन.